फुलदाणीचे चित्र कसे पाहावे

वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, शेतीवर बोलावे, राज्यकारभारावर बोलावे, हे श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. फुलदाणीतल्या फुलांच्या चित्रावर तासभर बोलणार, असे जाहीर झाल्यावर एका गृहस्थांनी आम्हांला मंडपाच्या दारातच गाठले. मनमाडच्या रेल्वेच्या कारखान्यात, पुलांच्या कामावर, त्यांची हयात गेलेली. लोखंडाची तुळई नुसत्या डोळ्यांनी जोखणारा हा माणूस. ते म्हणाले, "साहेब, फुले हवी असली तर सकाळी बाजारात मिळतात. ती सोडून त्यांचे चित्र भिंतीला कशाला लावायचे? आणि लावलेच, तर त्यात बघायचे तरी काय?"

प्रश्न रोखठोक होता, आणि खरे सांगायचे तर तो आम्हांला आवडला. चित्रकलेवरील पुष्कळशी पुस्तके हा प्रश्न विचारीतच नाहीत. फुलांचे चित्र सुंदर असते हे गृहीत धरून ती पुढे जातात. आम्ही त्या गृहस्थांना पुढच्या रांगेत बसविले आणि ठरविले की आज जे काही बोलायचे ते यांना उद्देशून बोलायचे.

आरंभी एक गैरसमज बाजूला सारला पाहिजे. फुलांचे चित्र पाहून आपल्या तोंडून सहज निघते, "अगदी खरी वाटतात हो!" चित्रकाराला ही मोठी पावती दिली असे आपल्याला वाटते. वस्तुतः ती सर्वांत लहान पावती आहे. खरी वाटणारी फुले कॅमेरा क्षणात काढून देतो. हल्ली तर तो प्रत्येकाच्या खिशात आहे. दिवाणखान्यातली प्लॅस्टिकची फुलेही दहा पावलांवरून खरीच वाटतात. खरेपणा हेच जर चित्राचे मोल असते, तर आमच्या रेल्वेवाल्या गृहस्थांचा प्रश्न बिनतोड ठरला असता आणि आम्हांला व्याख्यान आवरते घ्यावे लागले असते.

मग चित्रात असते काय? हे आम्हांला प्रथम कळले ते कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. आमच्या पिढीतील पुष्कळांची चित्रकलेशी ओळख झाली ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांच्या दारातून. त्यांत त्या वेळी निसर्गचित्राचा पेपर असे. प्रत्येकाच्या पुढ्यात फूल आणि पाने असलेली एक डहाळी ठेवायची, आणि ती पाहून काढायची. सरावाच्या एका दिवशी आमच्या वाट्याला जास्वंद आली. कोरड्या शाईच्या बाटलीत डहाळी उभी केलेली. पाण्याची आठवण कोणालाच झाली नाही. आम्ही पहिल्या अर्ध्या तासात फुललेली जास्वंद नेटकी रेखाटली आणि रंग भरावयास घेतला. तासाभराने मान वर करून पाहतो, तो पाकळ्या मिटावयास लागलेल्या, मधला दांडा खाली वाकलेला, वरचे पान मलूल झालेले. आम्ही त्याकडे काणाडोळा केला आणि कागदावरचे फूल फुललेलेच ठेवले. शेजारच्या मुलाने मात्र रबर घेतले, पहिले फूल खोडले आणि मान टाकलेले फूल नव्याने काढावयास बसला. त्याचे चित्र अर्थातच पुरे झाले नाही. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि म्हणाले, "याचे फूल बरोबर आहे. त्याचे फूल पाहिलेले आहे." गुण आम्हांलाच अधिक पडले, कारण परीक्षेत पुऱ्या झालेल्या चित्राला गुण असतात. पण सरांचे ते शब्द पुढे कितीतरी वर्षांनी आम्हांला कळले.

फूल थांबत नाही. डोंगर थांबतो, देऊळ थांबते, पैसे दिले तर समोर बसलेला माणूसही थांबतो. फूल मात्र चित्रकार रंग कालवीत असतानाच बदलते. म्हणून फुलांच्या चित्रात चित्रकाराला सतत निवड करावी लागते. कोणता क्षण धरायचा, काय सोडून द्यायचे, कशासाठी धावायचे आणि कशासाठी धीर धरायचा, हे त्याला ठरवावे लागते. त्याच्या त्या निवडीच आपण चित्रात पाहत असतो. नुसते फूल पाहणे आणि एका माणसाने ते कसे पाहिले हे पाहणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाजारात फूल मिळते, त्याचे पाहणे मिळत नाही.

येथे कोणी विचारील की ही फुलदाणी आपल्याकडची कधी होती? शंका रास्त आहे. आपल्याकडे फूल तोडले जाते ते परडीत पडण्यासाठी. ते देवाला वाहिले जाते, वेणीत माळले जाते, हारात ओवले जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे निर्माल्य होते. फूल पाण्यात उभे करून मेजावर ठेवावे आणि चार दिवस त्याच्याकडे नुसते पाहत राहावे, ही आपली जुनी रीत नव्हे. शिवाय ज्या गावाने वर्षानुवर्षे पंधरा-पंधरा दिवस नळाच्या पाण्याची वाट पाहिली, त्या मनमाडकरांना फुलदाणीत रोज ताजे पाणी घाला असे सांगणे धारिष्ट्याचेच आहे.

परंतु पाण्याने भरलेले भांडे आणि त्यातून वर आलेली पालवी, ही कल्पना मात्र आपल्याला मुळीच परकी नाही. घटस्थापनेपासून लग्नापर्यंत आपल्या प्रत्येक मंगलकार्यात कलश असतो, त्याच्या तोंडाशी आंब्याची नाहीतर विड्याची पाने असतात. हाच पूर्णकुंभ नाशिकच्या पांडवलेण्यांत आणि कार्ल्यास खांबांच्या तळाशी दगडात कोरलेला आहे. वेरूळच्या लेण्यांत तर खांबांच्या माथ्याशी कुंभ आणि त्याच्या काठावरून चारी अंगांनी ओसंडणारी पाने आढळतात. जाणकार तिला घटपल्लव म्हणतात. मनमाड हे वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या देशोदेशीच्या प्रवाशांचे गाडी बदलण्याचे ठिकाण. आपल्या फलाटावरून त्यांतले कितीजण गेले असतील आणि आपण मात्र त्यांच्या सामानाकडे पाहत राहिलो, हे थोडे खेदाने म्हणावे लागते.

अजिंठ्यास गेलेला माणूस भिंतींवरील पद्मपाणी आणि जातककथा पाहतो आणि मान अवघडली की बाहेर येतो. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याचे छत पाहावे, असे त्याला कोणी सांगत नाही. त्या छतावर चौकोनाचौकोनांतून कमळे, कळ्या, वेली, फळे, हंस यांची नुसती पखरण आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुना आणि दूरदेशाहून आलेला निळा दगड, एवढ्याच सामग्रीवर ती केलेली आहेत. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून अनेक हंगाम या चित्रांच्या प्रती करून घेतल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. तरी १८९६-९७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांत ही छतावरील फुले अजून पाहता येतात.

या छतातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अजिंठ्याच्या कमळाला सावली नाही. प्रकाश अमुक खिडकीतून आला, फूल अमुक वेळी पाहिले, असे ते सांगत नाही. ते कोमेजत नाही, कारण ते एक फूल नाहीच. ते सगळ्या कमळांचे मिळून एक कमळ आहे. चित्रकाराने ते समोर ठेवून काढलेले नाही, मनात मुरवून काढले आहे. कलश आणि घटपल्लव यांचेही तसेच. तेथे फुले-पाने समृद्धीची खूण म्हणून येतात, आणि समृद्धीला सुकण्याची मुभा नसते.

मोगल अमदानीत मात्र फुलाकडे पाहण्याची तऱ्हा पालटली. आपल्या नाशिकलाच त्या काळी गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचे नगर, असे नाव होते. जहांगीर बादशहा १६२० साली काश्मिरात गेला, तेव्हा त्याने उस्ताद मन्सूर या आपल्या चित्रकाराकडून तेथील शंभरावर फुले काढवून घेतली, असे त्याच्या रोजनिशीत नमूद आहे. मन्सूरचे तांबडे ट्यूलिप प्रसिद्ध आहे. ते कमळांचे कमळ नव्हे. ते कोणत्या तरी एका सकाळी, कोणत्या तरी एका उतारावर उमललेले विशिष्ट फूल आहे. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, बीबी-का-मकबऱ्यात चुन्याच्या गिलाव्यात आणि दरवाजाच्या पितळी पत्र्यावर जी फुलझाडे दिसतात ती याच घराण्यातली. ती पाहावयास तिकीट काढून सकाळी निघाले की सायंकाळी परत येता येते. असो.

मेजावर फुलदाणी ठेवून, एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात ती रंगवायची, ही रीत आपल्याकडे आली ती इंग्रजी अमलात, प्रामुख्याने १८५७ साली निघालेल्या मुंबईच्या त्याच कलाशाळेतून. मुंबईस बोरीबंदरच्या, आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, इमारतीवर दगडात कोरलेली पाने-फुले, पशुपक्षी याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. ती इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिली. मनमाडहून गाडीने मुंबईस जाणारे आपण सारे त्या दगडी पाना-फुलांखालून घाईघाईने बाहेर पडतो. पुढील खेपेस दोन मिनिटे थांबून वर पाहावे. गाडी चुकण्याची भीती येताना नसते; जाताना असते.

आता ही रीत जेथून आली तेथे थोडे जाऊ, कारण तिचा मर्म तेथेच कळतो. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये फुलांच्या चित्रांना बहर आला. त्या देशात तुर्कस्तानाकडून ट्यूलिप येऊन फार दिवस झाले नव्हते. त्याच्या कंदांचा सट्टा इतका चढला की एकेका दुर्मिळ कंदाला घराची किंमत येऊ लागली आणि १६३७ च्या फेब्रुवारीत तो बाजार एकदम कोसळला. अशा देशात फुलांचे चित्र ही श्रीमंतांची हौस होती. पण चित्रकारांनी त्या हौसेतच एक निराळी गोष्ट सांगून ठेवली. चित्रातला गुच्छ भरगच्च, पण त्यातील फुले एका हंगामातली नसतात. वसंतातले ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एकाच भांड्यात! असा गुच्छ त्या देशात कोणी कधी पाहिलेला नव्हता. चित्रकार एकेक फूल त्याच्या त्याच्या दिवसांत अभ्यासून ठेवी आणि मग वर्षभराची फुले एकत्र मांडी. यान फान हायसम नावाच्या नामांकित चित्रकाराने एका गिऱ्हाइकाला कळविले होते की पिवळा गुलाब मिळाला नाही, तेव्हा चित्र पुढील वर्षी पुरे होईल. कामाची ही चाल आपल्याला चमत्कारिक वाटेल; पण लग्नाचे पापड चैत्रातच करून ठेवणाऱ्या आपल्या बायकांना ती लगेच कळेल.

आणि तो भरगच्च गुच्छ जवळून पाहावा, तर एका पाकळीची कड तपकिरी झालेली, एका पानाला अळीने भोक पाडलेले, मेजावर एक पाकळी गळून पडलेली. सगळे वैभव आणि त्याचा शेवट एकाच चौकटीत. आपला कलश जे सांगत नाही ते ही फुलदाणी सांगते.

या चित्रकारांतील राकेल रॉइश या बाईंचे नाव येथे अवश्य घेतले पाहिजे. जन्म १६६४, मृत्यू १७५०. वडील शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. त्यांच्या संग्रहातली झाडे-पाने पाहत मुलगी वाढली. पुढे दहा मुले झाली. तरी कुंचला खाली ठेवला नाही, आणि ऐंशी वर्षे उलटल्यावरही सहीपुढे आपले वय लिहून चित्रे पुरी केली. सभेला आलेल्या भगिनींनी हे नाव लक्षात ठेवावे, इतकेच आम्ही म्हणू; यावर अधिक बोलण्याचा आमचा अधिकार नाही.

फान हायसमच्या धीराच्या अगदी उलट उदाहरण व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचे. १८८८ चा ऑगस्ट महिना. दक्षिण फ्रान्समधील आर्ल गावी त्याने एक घर भाड्याने घेतले होते, आणि गोगँ हा चित्रकारमित्र तेथे राहावयास येणार होता. पाहुण्याची खोली सजवावी म्हणून याने सूर्यफुले रंगवावयास घेतली. फुले भराभर सुकतात, म्हणून तो उजाडताच कामाला लागे, हे त्याच्या पत्रांवरून कळते. आठवडाभरात त्याने सूर्यफुलांची चार चित्रे केली. त्यांपैकी लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या चित्राची छापील प्रत आम्ही व्याख्यानाला सोबत नेली होती आणि ती हातोहात फिरविली.

हे चित्र नीट पाहावे. पिवळी फुले, पिवळे मेज, पिवळी भिंत. पिवळ्यावर पिवळे घातले तर काहीच उठून दिसणार नाही, असे कोणताही शहाणा माणूस सांगेल. येथे उठून दिसते, कारण त्याने पिवळ्यातच दहा पिवळे पाहिले. लिंबाचा, हळदीचा, पिकल्या आंब्याचा, वाळल्या गवताचा, असे निरनिराळे. भांडे साधे, मातीचे; त्यावरच त्याने आपले नाव घातले आहे. पंधराएक फुलांत काही टवटवीत, काहींच्या पाकळ्या झडून नुसते बियांचे डोळे उरलेले, काहींनी मान टाकलेली. रंग इतका जाड लावला आहे की बियांचा खरखरीतपणा बोटांना जाणवेल. आमच्या वर्गातल्या त्या मुलाने रबर घेतले होते. व्हॅन गॉगला रबर घ्यावे लागले नाही, कारण फुललेले आणि सुकलेले दोन्ही त्याने एकाच भांड्यात ठेवले.

मित्र ऑक्टोबरात आला आणि दोन महिन्यांत भांडून गेला. चित्रकार १८९० मध्ये, सदतिसाव्या वर्षी वारला. याच मालिकेतील एक चित्र १९८७ साली लंडनच्या लिलावात एका जपानी विमा कंपनीने सुमारे अडीच कोटी पौंडांना घेतले. वर्तमानपत्रांनी त्या आकड्याचाच गाजावाजा केला. आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी बातमी. व्हॅन गॉगने वापरलेला एक पिवळा रंग, शिशापासून होणारा क्रोम पिवळा, उजेडाने हळूहळू तपकिरी पडतो, असे रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयाने तर २०१९ मध्ये ठरविले की त्यांच्याकडील सूर्यफुले यापुढे प्रवासाला पाठवावयाची नाहीत. म्हणजे फुले सुकू नयेत म्हणून जो इतका धावला, त्याच्या चित्रातील फुलेही आपल्या परीने सुकतच आहेत. ती फक्त अधिक सावकाश सुकतात.

आपल्या माणसांनीही हा विषय हाती घेतला. इंदूरच्या मराठी घरात १९१० साली जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे हे तेथील देवळालीकर मास्तरांचे शिष्य. बडोद्याच्या कलाविद्यालयात १९५० पासून शिकविताना त्यांनी आपल्या नव्या घडणीच्या प्रयोगांत सूर्यफुलेही रंगविली. बेंद्र्यांसारख्या माणसाला व्हॅन गॉग ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? ठाऊक असूनही त्याच फुलाकडे पुन्हा जाण्याचे धाडस त्यांनी केले, यातच आमच्या म्हणण्याचा पुरावा आहे. विषय एकाने संपविला म्हणून संपत नाही. पाहणारा बदलला की फूल नवे होते.

आता गृहस्थांच्या प्रश्नाचा दुसरा भाग, "बघायचे तरी काय?" याकडे वळू. यासाठी घरी एक खटाटोप करावा. तांब्याचा एक गडू घासून लख्ख करावा, त्यात पाणी घालून झेंडूची पाच-सहा फुले देठांसकट ठेवावी, आणि तो एकाच खिडकीच्या उजेडात, शक्यतो पांढऱ्या भिंतीपुढे मांडावा. मग डोळे अर्धवट मिटून पाहावे. फुलांची नावे आणि पाकळ्यांची संख्या नाहीशी होईल आणि नुसते उजेडाचे आणि सावलीचे तुकडे उरतील. चित्रकार आधी हे तुकडे मांडतो. पाकळ्या मागाहून येतात. ज्याने आधी पाकळ्या मोजल्या त्याचे चित्र यादीसारखे होते. बाजारातील पुष्कळशी फुलांची चित्रे अशी याद्याच असतात.

नंतर तांब्याकडे पाहावे. तांब्याचा रंग सांगा म्हटले तर आपण तांबडा म्हणू. प्रत्यक्षात त्यात खिडकीचा पांढरा पट्टा आहे, झेंडूचा केशरी डाग आहे, आपल्या सदऱ्याची निळी छटा आहे आणि कडेला जवळजवळ काळा रंग आहे. तांबडा म्हणावा असा भाग त्यात थोडाच सापडेल. भांडे आपल्या भोवतीची सगळी खोली पोटात घेऊन बसलेले असते. म्हणून चांगल्या चित्रात फुलांइतकेच लक्ष भांड्याकडे द्यावे. चित्रकाराचा कस पुष्कळदा तेथे लागतो.

पांढऱ्या फुलाची गोष्ट तर याहून मौजेची. झेंडूंत निशिगंधाची एक काडी खोचून पाहावी. ती पांढरी आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण पांढरीच पाहतो. पण सावलीकडची पाकळी भिंतीच्या पांढऱ्याशी ताडून पाहा. ती करडी दिसेल, किंचित निळसर, आणि झेंडूच्या बाजूला पिवळसर. जलरंगात काम करणारा पांढरा रंग लावीत नाही. तो कागद कोरा सोडतो आणि भोवतीची सावली रंगवितो. म्हणजे पांढरे फूल तो न रंगवून दाखवितो. तैलरंगवाला पांढरा लावतो खरा, परंतु फार जपून, अखेरीस, दोन-चार ठिकाणी.

हिरव्याविषयी एवढेच की चित्रातली सगळी पाने एकाच हिरव्याची असतील तर पुढे पाहू नये. आणि सगळी फुले आपल्याकडे तोंड करून, फोटोला बसलेल्या वऱ्हाडासारखी मांडलेली असतील, तर चित्रकाराने मांडणीवर विचार केलेला नाही असे समजावे. एखादे फूल पाठमोरे असले, एखादे अर्धे झाकलेले असले, की गुच्छाला खोली येते.

राहता राहिला तोल. तो समजावून सांगण्यासाठी आम्ही शब्द शोधीत होतो, तेवढ्यात सूर्यफुलांची छापील प्रत आमच्या त्या रेल्वेवाल्या गृहस्थांच्या हातात पोहोचली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती बराच वेळ पाहिली, मग एका झुकलेल्या फुलावर अंगठा ठेवून ते झाकले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "हे काढले तर वरचा सगळा भार एकीकडे जातो. बघा." शेजाऱ्याने पाहिले. अंगठा काढला, पुन्हा ठेवला. प्रत पुढे जावयास तयार होईना. ज्याने हयातभर कोणता भार कोठे पेलला जातो याचा विचार केला, त्याला चित्राची मांडणी शिकविण्याची गरज नव्हती. आम्ही तो भाग तेथेच सोडून दिला.

व्याख्यान संपल्यावर तेच गृहस्थ पुन्हा आले. आता त्यांचा प्रश्न निराळा होता. त्यांच्या नातीने काढलेले एक चित्र घरी होते, पितळी तांब्यात शेवंतीची फुले, जलरंगात. ते कोठे लावावे? आम्ही सांगितले ते येथे इतरांच्याही उपयोगासाठी नोंदवितो. समोरच्या भिंतीवर ऊन येत असेल तर तेथे लावू नये; जलरंग उन्हाने उडतात आणि आपल्याकडचे चैत्र-वैशाखाचे ऊन काही साधे नव्हे. चौकटीची काच कागदाला चिकटू देऊ नये, मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी घालून जागा सोडावी, नाहीतर पावसाळ्याच्या दमटीने कागदावर बुरशीचे ठिपके पडतात. चौकट भिंतीपासून बोटभर सुटी राहील अशी टांगावी. उंची उभ्या माणसाच्या डोळ्यांइतकी असावी. आपण चित्रे फार उंच लावतो, जणू ती मुलांच्या हातांपासून लपवायची आहेत. आणि खालच्या कपाटावर प्लॅस्टिकची फुले असतील तर तेवढी तेथून हलवावी.

"ती आमच्या मंडळींनी आणलेली आहेत," ते म्हणाले. "चित्रच दुसऱ्या खोलीत लावतो."